आतली कडी

मराठी माणसाला इतिहासाचं भारी वेड. कुठल्या गडाला पायऱ्या किती, कुठल्या तोफेचं तोंड कुणीकडे, कुठल्या लढाईत कुणाचा घोडा पुढे होता, यावर आपण भरल्या ताटावरून उठून भांडू. पण त्या घोड्यावरचा स्वार मुक्कामाला पोचल्यावर अंघोळ कुठे करायचा आणि रात्री पाठ कुठे टेकायचा, एवढं विचारा, की सभा एकदम शांत! शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला, हे शाळकरी पोरगंही सांगेल. तिथे हजारी कारंजं होतं, हे गाईड दोनदा सांगेल. पण त्याला मोरीबद्दल विचारून पाहा. तो तुमच्याकडे असा बघेल, की जणू तुम्ही तीच शोधत आहात.

आता माझं असं मत झालंय की घराचा इतिहास वाचायचा तर दिवाणखाना सोडून थेट निजायच्या खोलीत आणि मोरीत जावं. दिवाणखाना पाहुण्यांसाठी मांडलेला असतो, त्यामुळे तो थोडा थापाड्या असतो. या दोन खोल्या मात्र घरात कुणाला काय मिळत होतं, याची चोख जमाखर्चाची वही असतात.

हे ज्ञान मला ग्रंथालयात झालेलं नाही. ते झालं आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात, मिस्त्रीच्या छिन्नीखाली. वाड्याचं वय सव्वाशेच्या पुढे. आईचं चौऱ्याऐंशी. दोघांचेही गुडघे एकदमच बोलायला लागले. डॉक्टर म्हणाले, ‘‘आजींना आता जिना नको आणि रात्री अंगण ओलांडून जाणं नको.’’ तेव्हा असं ठरलं की तळमजल्यावरची माजघराच्या मागची खोली आईसाठी नीट करायची आणि तिला लागून असलेल्या जुन्या मोरीचं संडाससकट न्हाणीघर करायचं.

कंत्राटदारानं वहीत लिहिलं, ‘मास्टर बेडरूम, अटॅच्ड बाथ’. आई म्हणाली, ‘‘या घरात मास्तर एकच होते, तुझे आजोबा. आणि ते जन्मभर ओटीवर निजले.’’

हे अक्षरशः खरं. आमच्या आजोबांनी छत्तीस वर्षं शाळेत मास्तरकी केली, अकरा बिऱ्हाडांचा वाडा सांभाळला, पण त्यांच्या नावावर निजायची खोली नव्हती. संध्याकाळी ओटीवर घडवंची सरकली, वळकटी उलगडली, की झालं शयनगृह. पहाटे वळकटी गुंडाळली, की तीच कचेरी. आजी माजघरात, लेकीसुनांच्या आणि पोरांच्या रांगेत. मग वडील धरून सात भावंडं झाली कशी, हा प्रश्न मी लहानपणी मोठ्या जिज्ञासेनं विचारला होता. उत्तरादाखल धपाटा मिळाला. इतिहास संशोधनाचा माझा पहिला अनुभव तो.

आपल्याकडे शेजघर माहीत नव्हतं असं मुळीच नाही. पण ते देवाला. पंढरपूरला विठोबाचं वेगळं शेजघर आहे, रोज शेजारती होते. तुळजापूरची भवानी तर वर्षातून तीनदा मंचकी निद्रा घेते आणि तिचा पलंग थेट नगरकडून येतो. देवाच्या झोपेची एवढी बडदास्त ठेवणारी माणसं स्वतः घोंगडीवर पडत, ही आपली खास रीत. देवाला एकांत हवा, हे आपल्याला शेकडो वर्षं कळत होतं. तो सुनेला हवा, हे कळायला जरा वेळ लागला.

आता जी ‘मास्टर बेडरूम’ व्हायची होती, तिचं वाड्यातलं नाव ‘बाळंतिणीची खोली’. भिंती दोन फूट जाड, खिडकी नाही, वर हातभर झरोका, कोपऱ्यात एक दिवळी. घरातली सगळ्यात अंधारी खोली. वडील आणि सगळ्या आत्या, काका तिथंच या जगात आले. घराचे सगळे वंशदिवे लावायला आपण नेमकी बिनउजेडाची जागा निवडली होती!

खोली मिळाली की माणसाचं काय होतं, याचा दाखला पुण्यातच आहे. १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या रमाबाईंना माधवराव रानडे रात्री शिकवत. दिवसा घरातल्या बायकांना ते खपत नसे. त्यांनी रमाबाईंना छळायचं बाकी ठेवलं नाही. हे सगळं रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’मध्ये लिहून ठेवलंय. पुढे १९०९ साली पुण्यात त्यांच्या पुढाकारानं सेवासदन उभं राहिलं, हजारो बायका शिकल्या. त्या सगळ्याची पाटी-पेन्सिल एका लावलेल्या दाराआड सुरू झाली होती. दार उघडं असतं, तर पहिल्याच रात्री कुणीतरी ‘जरा कंदील द्या’ म्हणून आत आलं असतं आणि मुळाक्षरं ‘क’पाशीच थांबली असती.

आणि दार उघडलं जाण्याचा धसका काय असतो, तेही याच शहरानं पाहिलं. १८९७ साली प्लेगच्या तपासणीसाठी रँडसाहेबाच्या हाताखालचे गोरे सोल्जर घराघरांत शिरले. ओटी, माजघर, देवघर, काही ठेवलं नाही. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. त्या गोळीमागची कारणं इतिहासकारांनी पुष्कळ लिहिली आहेत. आमच्या पणजीचं त्या सालाबद्दल एकच वाक्य घरात चालत आलंय: ‘‘मेले चुलीपर्यंत आले हो!’’

असो. मिस्त्रीनं मोरीत पहिला घाव घातला.

वरचा थर गुलाबी टाइल्सचा. हा १९८७ चा. वडिलांनी बोनसच्या पैशांतून बसवलेला. टाइल्सवर एकेक कमळ होतं आणि त्यातली दोन कमळं उलटी लागली होती. त्यावरून वडील आणि तेव्हाचा गवंडी यांच्यात झालेला वाद पेठेत गाजला होता. त्याच साली मोरीच्या दाराला आतून कडी लागली. कडीबद्दल पुढे सांगतो. तो या इतिहासाचा मुख्य अध्याय आहे.

टाइल्सखाली शहाबादी फरशी. आणि फरशीखाली, मंडळी, बोटभर जाडीचा करडा, मऊ, चाळून ठेवल्यासारखा गाळ. मिस्त्री म्हणाला, ‘‘साहेब, ही माती इथली नाही.’’ आई दारात काठी टेकून उभी होती. ती म्हणाली, ‘‘पानशेत.’’

१२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खाली खडकवासल्याचं १८७९ सालचं धरणही फोडलं आणि नदी पेठांमधून वाहायला लागली. आई त्याच वर्षीच्या मे महिन्यात लग्न होऊन या वाड्यात आली होती. हातावरची मेंदी उतरते न उतरते तोच सासर पाण्यात. सगळे माडीवर चढून बसले. शेजारचे दोन वाडे डोळ्यांदेखत बसले, आमचा उभा राहिला. पाणी उतरल्यावर खाली माजघरात गुडघाभर चिखल आणि अंगणात कुठून तरी वाहून आलेलं एक सागवानी दार.

दार कुणाचं, याची आजोबांनी रीतसर चौकशी केली. ओटीबाहेर पाटीसुद्धा लावली: ‘दार सापडले आहे. ओळख पटवून नेणे.’ दाराची ओळख पटवायला कुणी आलं नाही. ज्यांचं दार गेलं त्यांचं घरही गेलेलं असणार. वर्षभर वाट पाहून आजोबांनी ते मोरीला बसवलं. तोवर आमच्या मोरीला दार नव्हतंच! आजी पहाटे चारला अंधारात घंगाळ भरून घ्यायची आणि उजाडायच्या आत आटपायची. बंबात बंबफोड घालायला उठणारी बाई पहिली अंघोळ करते, ती सोवळ्यामुळे, असं आम्ही समजत होतो. खरं कारण असं होतं की मोरीला दार नव्हतं आणि सूर्याला डोळे होते.

तर मोरीला दार आलं. पण ते मूळचं असावं कुठल्यातरी कोठीचं. त्याला कडी बाहेरून! आईनं आठ दिवस धीर गोळा करून आजीकरवी आजोबांना विचारलं, की आतून एक कडी लावता येईल का. आजोबा म्हणाले, ‘‘आत कडी कशाला? घरात काय चोर आहेत?’’ आजोबांचं तर्कशास्त्र नेहमी असं बिनतोड असायचं. चोर नव्हते हे खरंच. फक्त सतरा माणसं होती.

त्यामुळे पुढची सव्वीस वर्षं आमच्या घरात कडीचं काम घशानं केलं. मोरीकडे येणाऱ्यानं लांबूनच खाकरायचं, आतल्यानं आतून खाकरायचं. आमच्या घराण्यातल्या खोकल्यावर तीन वैद्यांनी औषधं दिली. खरं औषध लोहाराकडे होतं. आत्या मोरीत गाणं म्हणत, ते लोकांना वाटे हौसेनं. ती सूचना होती. एक आत्या गळ्यानं बेसूर होती, तिची अंघोळ सगळ्यात निर्विघ्न व्हायची. आणि आम्ही कार्टी काय करायचो? बाहेरून कडी घालून पळायचो. आई आतून हाका मारायची.

शहाबादीखाली, गाळाखाली, मूळची मोरी लागली: काळ्या दगडाच्या चार घडीव फरश्या आणि मध्ये बोटानं ओढावी तशी कोरलेली पन्हळ. उतार इतका नेमका, की मिस्त्रीनं तांब्याभर पाणी ओतलं तर थेंब न रेंगाळता सगळं कोपऱ्यातल्या भोकाशी गेलं. मिस्त्रीनं लेव्हलची नळी गुंडाळून ठेवली आणि दगडाला हात लावून नमस्कार केला.

वाड्यांमध्ये मोरी नेहमी तळमजल्यावरच का, याचंही उत्तर त्यानंच दिलं. वरचे मजले कडीपाटाचे. लाकडी कड्या, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा थर. त्यावर रोज चार बादल्या ओतल्या, तर पाचव्या वर्षी न्हाणारा माणूस घंगाळासकट माजघरात उतरेल. पाणी आणि लाकूड यांचं सासू-सुनेसारखं असतं. दोघंही चांगली, पण मध्ये काहीतरी लागतं.

ते मध्ये घालायचं म्हणजे वॉटरप्रूफिंग. कंत्राटदार छाती फुगवून म्हणाला, ‘‘दहा वर्षांची गॅरंटी!’’ मला मोहेंजोदडो आठवलं. तिथलं मोठं स्नानगृह बारा मीटर लांब, सात मीटर रुंद आणि जवळपास अडीच मीटर खोल. पाणी झिरपू नये म्हणून त्यांनी विटांच्या मागे डांबराचा थर दिला होता. गोष्ट साडेचार हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या पुष्कळ घरांना विटांची न्हाणी होती आणि तिचं पाणी रस्त्याच्या झाकलेल्या गटारात जाई. म्हणजे एवढं सगळं आपल्या उपखंडाला येत होतं, आणि मग मधली चार हजार वर्षं आजी पहाटे चारला उठत राहिली.

आता या इतिहासातला जो भाग कुणी ओटीवर सांगत नाही, तो सांगतो. संडास.

आमच्या वाड्यात तो अंगणापलीकडे, मागच्या भिंतीला. अकरा बिऱ्हाडांत मिळून चार. भाडेकरूंचं भाडं महिना सात रुपये, आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं ते १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला खिळवून टाकलेलं. कायद्यानं शेकडो गरीब संसार रस्त्यावर यायचे वाचले, हे मान्यच. पण सात रुपयांत मालक काय दुरुस्त करणार? त्यामुळे भाडेकरू म्हणे, मालकानं करावं. मालक म्हणे, भाडेकरूनं करावं. आणि बिजागरी म्हणे, मी चालले.

त्या संडासांना दोन दारं होती. पुढचं आपलं. मागचं बुटकं, मागच्या बोळात उघडणारं. त्या दारानं रोज सकाळी एक बाई यायची आणि आपली टोपली भरून न्यायची. आमच्या मोरीला दार असावं की नसावं, यावर घरात इतकी चर्चा झाली. त्या बुटक्या दाराबद्दल एकदाही झाली नाही. तिचं नाव घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आईला विचारलं तर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘‘दिवाळीत मी तिला फराळ द्यायची. वरून टाकायची हातात.’’ मग म्हणाली, ‘‘वरून.’’

याच देशात अप्पासाहेब पटवर्धन नावाचा एक ब्राह्मण पदवीधर होऊन गेला. रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मागणी केली की मला भंगीकाम द्या. सरकारनं नाकारलं, म्हणे, तुमच्या जातीचं काम नाही. इंग्रजाला आपली जात आपल्याइतकीच जपायला आली होती! अप्पासाहेबांनी उपास मांडला, आणि १९३२ च्या डिसेंबरात येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपास सुरू केला. संडास झाडायला मिळावा म्हणून दोन माणसं उपाशी राहिली, असा इतिहास जगात दुसरीकडे असेल तर मला ठाऊक नाही. लढाया आपण पाठ करतो. ही पण लढाईच होती. पुढे १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली मैला वाहून नेण्याविरुद्ध कायदे झाले. आणि तरी गटारात उतरलेला माणूस गुदमरून गेल्याची बातमी अजून वाचावी लागते.

संडास घराबाहेर असण्याचं कारण सोवळं, असं आपण म्हणतो. निम्मं कारण वास. तो अडवायची युक्ती काढली लंडनच्या एका घड्याळजीनं. अलेक्झांडर कमिंग त्याचं नाव, साल १७७५. त्यानं नळाला वाक दिला. वाकात ओंजळभर पाणी अडकून राहतं. पाणी पुढे जातं, वास मागे येत नाही. बस, एवढंच. त्या आधी १५९६ साली जॉन हॅरिंग्टन नावाच्या सरदारानं पाणी सोडणारा संडास वर्णून ठेवला होता, पण त्याला वाक नव्हता. फ्लशची साखळी सगळ्यांना दिसते. खरी करामत त्या न दिसणाऱ्या वाकाची. त्या ओंजळभर पाण्यानं संडास अंगणातून निजायच्या खोलीपर्यंत आणला. आमच्या इंजिनियरांच्या पुस्तकांत फरशीखालच्या तशाच वाकाला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. साहेबाच्या प्लंबिंगमध्ये निदान एक शब्द तरी आपल्या आजीचा घुसलाय!

आमचा प्लंबर या वाकाबद्दल फार हळवा. चार इंची पाइपाला चाळीस फुटांत एक फूट उतार, याच्याखाली तो एक सूत उतरायला तयार नाही. पण वाड्यात सरळ अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे आजोबा. भिंतीला ओळंबा लावला तर तो लाजून लांब उभा राहायचा. शेवटी कोनाडा बुजवून पाइप वळवला, झरोक्याची खिडकी केली, आणि बाळंतिणीच्या खोलीत पहिल्यांदा ऊन आलं. ते भिंतीवर पडलं ती जागा आई बराच वेळ बघत होती.

कमोडवरून एक दिवस गेला. आई म्हणाली, ‘‘खुर्चीवर बसून? ही काय कचेरी आहे?’’ मग गुडघ्यांनी तिचं मन वळवलं. भिंतीला धरायचे दांडे लागले. मोरीची दगडी फरशी पुसून पुन्हा अंगणात तुळशीपुढे बसवली. सगळं ठरलं. राहिलं दार.

डॉक्टर म्हणाले, दार रुंद हवं आणि बाहेर उघडणारं हवं. कारण म्हातारं माणूस आत पडलं तर आत उघडणारं दार त्याच्यावरच अडतं. पटलं. आणि म्हणाले, ‘‘आतून कडी नको. कडी लावून आजी पडल्या, तर दार फोडेपर्यंत वेळ जाईल.’’ हेही पटलं. मिस्त्रीला, प्लंबरला, कंत्राटदाराला, मला, समोरच्या काकांनासुद्धा पटलं. काकांना काही पटणं ही पेठेतली घटना असते.

आईला पटलं नाही. ती म्हणाली, ‘‘सव्वीस वर्षं मी खाकरून अंघोळ केली. शेहेचाळीसाव्या वर्षी मला कडी मिळाली. आता काढून घेता?’’

‘‘अगं आई, तुझ्याच भल्यासाठी. घरात आता कोण आहे? आम्हीच ना!’’

आई म्हणाली, ‘‘तुझे आजोबा हेच म्हणाले होते. तुझा आवाज पण तसाच येतो हल्ली.’’

यावर बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. डॉक्टरांचं खरं होतं आणि आईचंही खरं होतं.

तोडगा आमच्या सौ.नं काढला. रविवार पेठेत जाऊन तिनं एक कुलूप आणलं. आतून खटका फिरवला की लागतं, आणि बाहेरून त्याला नुसती एक खाच. वेळ आली तर तिच्यात नाणं घालून फिरवलं की उघडतं. आईनं ते चारदा लावून पाहिलं, चारदा काढून पाहिलं.

‘‘नाणं कुणाकडे राहणार?’’ तिनं विचारलं.

‘‘माझ्याकडे,’’ मी म्हटलं.

‘‘नको. हिच्याकडे राहू दे.’’

मग सौ.नं एक रुपयाचं नाणं लहानशा पुरचुंडीत घालून दाराबाहेर खुंटीला अडकवलं. अजून तरी त्याची गरज पडलेली नाही. सकाळी खटका लागल्याचा आवाज येतो, पाणी पडल्याचा आवाज येतो. आई आत गाणं वगैरे काही म्हणत नाही. दूधवाल्याला द्यायला सुटे कमी पडले, तरी त्या रुपयाला हात लावायचा नाही, असा घरात दंडक आहे.